जुना एचएमटी की जय श्रीराम? मोकळ्या भातासाठी नागपुरातल्या सुट्या तांदळाची पारख

ताटात वरणाच्या, कढीच्या किंवा सावजी रश्श्याच्या बाजूला वाढायचा साधा पांढरा भात. शीत न् शीत सुटं, पण कोरडं ठणठणीत नाही. या एका कामासाठी नागपुरात मिळणाऱ्या तांदळांत पहिला नंबर एक वर्ष जुन्या, कमी तुकडीच्या म्हणजे मोडके दाणे कमी असलेल्या एचएमटीला. जय श्रीराम अगदी थोड्या फरकाने दुसरा. चिन्नोर या कामाला नको, आणि बासमती तर नकोच.

भात गिच्च झाला की घरोघरी दोष गंजाला म्हणजे पातेल्याला, कुकरला नाहीतर करणाऱ्याच्या हाताला लागतो. प्रत्यक्षात अर्धा निकाल इतवारीच्या नाहीतर कळमन्याच्या बाजारात पोत्यात हात घालतानाच लागलेला असतो. तांदळात स्टार्चचे दोन प्रकार असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर शितं सुटी राहतात. अमायलोपेक्टिन जास्त असेल तर ते शिजताना पाण्यात उतरतं आणि शितांना एकमेकांना चिकटवतं. हे प्रमाण जातीनुसार ठरलेलं, ते कोणत्याही भांड्याने बदलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तांदळाचं वय. साठवणीत दाणा आतून घट्ट होत जातो. जुना दाणा पाणी जास्त पितो, फुगतो जास्त आणि शिजताना चिकट द्रव कमी सोडतो. एकाच शेतातला, एकाच जातीचा तांदूळ जानेवारीत गोळा होतो आणि पुढच्या दिवाळीत फडफडीत होतो तो यामुळे.

एचएमटी हा आपल्याच विदर्भाचा दाणा. चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये पटेल-३ या वाणाच्या आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत हा वाण तयार केला. नाव त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून पडलं. दुकानात ‘डीआरके’ या नावाने मिळणारा तांदूळही त्यांचाच, ती त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या हयातीत या तांदळावर किती गिरण्या आणि किती दुकानं चालली आणि त्यांच्या पदरात काय पडलं, हा वेगळा आणि कडू विषय आहे.

स्वयंपाकघरात एचएमटीचे गुण सरळ आहेत. दाणा बारीक, मध्यम लांबीचा. शिजल्यावर फार लांबत नाही, पण चांगला फुगतो. वास नाही, चवही ठळक नाही, आणि बाजूच्या भाताला तेच हवं. रश्श्याची चव रश्श्याची राहते. पाण्याचा अंदाज दोन-चार चमचे इकडेतिकडे झाला तरी हा तांदूळ सांभाळून घेतो. रोजच्या घाईत हा गुण फार मोठा.

जय श्रीराम दिसायला जास्त देखणा. किंचित जास्त बारीक, ताटात वाढल्यावर टपोऱ्या नाही तर नाजूक शितांचा ढीग दिसतो. पाहुणे असतील तर हाच घ्यावा. भाव बहुधा एचएमटीच्या वर असतो. अडचण इतकीच की बारीक दाणा लवकर शिजतो आणि लवकर मोडतो. भिजत ठेवून विसरलात, किंवा कुकरची एक शिट्टी जास्त झाली, की शितांची टोकं फुटून भात लोळतो.

चिन्नोरबद्दल बोलताना जरा जपून, कारण भंडारा आणि बालाघाट दोन्हीकडची माणसं त्यावर जीव लावतात. दोन्हीकडच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन आहे. वास सुरेख, शीत मऊ, गोडसर. पण तो मऊपणाच इथे आड येतो. चिन्नोर मुळात मोकळा राहण्यासाठी नाहीच. त्याचा गरम भात, वर घट्ट वरण, तूप आणि लिंबू, यापुढे दुसरं काही लागत नाही. खिरीला, दहीभाताला उत्तम. त्याला रश्श्याच्या बाजूला वाढून ‘चिकट झाला’ म्हणणं म्हणजे तांदळावर अन्याय आहे. बासमतीचं उलट. तो मोकळा होतोच, पण त्याचा वास आणि लांबी ताट अडवून बसते. आणि गोळाभातात डाळीचा गोळा भातात कुस्करून गरम तेलाची फोडणी ओतली की बासमतीची लांब शितं ते तेल धरून ठेवत नाहीत, खाली बशीत उतरतं.

आता दुकानातली पारख. ‘जुना आहे’ हे शब्द प्रत्येक दुकानात मिळतात. त्यामुळे स्वतः बघा. नवं धान नोव्हेंबर-डिसेंबरात निघतं, नवा तांदूळ डिसेंबर-जानेवारीत दुकानात येतो. तेव्हा जानेवारी ते जूनमध्ये जुना म्हणून दिलेल्या तांदळाकडे जास्त डोळसपणे बघायचं. दाणा उजेडात धरा. नवा दाणा जरा दुधाळ-पांढरा, ओलसर तजेल्याचा दिसतो. जुन्यावर हलकी पिवळसर झाक असते. मग दोन दाणे दाढेखाली फोडा. जुना कट्कन तुटतो, नवा किंचित दबून मग तुटतो. मूठभर तांदूळ चोळून हात बघा, पांढरी भुकटी भरपूर लागली तर पॉलिश जास्त किंवा तुकडी जास्त. शेवटची कसोटी तुकडीची. काळ्या कागदावर शंभर दाणे मोजून पसरा आणि मोडके वेगळे करा. पाचपर्यंत असतील तर चांगला माल. दहाच्या वर गेले तर तो तांदूळ मोकळ्या भाताला नको, कारण प्रत्येक मोडका दाणा आपल्या उघड्या टोकातून स्टार्च सोडतो आणि शेजारच्या शाबूत दाण्यालाही चिकटवतो. पिशवीवर ‘सॉर्टेक्स’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ यंत्राने रंग बघून काळे-पिवळे दाणे आणि खडे काढलेत, एवढाच. वयाशी किंवा मोकळेपणाशी त्याचा संबंध नाही.

‘स्टीम’ हा शब्द मात्र नीट ऐका. स्टीम एचएमटी किंवा स्टीम कोलम म्हणजे धानाला वाफ देऊन मग भरडलेला तांदूळ. वाफेने दाण्यावरचा स्टार्च आधीच बसतो, म्हणून नवा असूनही तो जुन्यासारखा मोकळा शिजतो. रंग जरा साईसारखा, तुकडी कमी. वाईट माल नाही, नवशिक्याला तर सोपाच. पण तो जुना नव्हे, आणि जुन्याच्या भावात घेऊ नये. चवीला साध्या अरव्यापेक्षा, म्हणजे वाफ न दिलेल्या तांदळापेक्षा, थोडा सपक आणि शिजायला दोन-तीन मिनिटं जास्त.

सुटा घ्यावा की कट्टा, म्हणजे बांधलेलं पोतं? १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बांधीव धान्यावर ५ टक्के जीएसटी आहे. म्हणूनच बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसतात. चौघांच्या घराला एक कट्टा तीन-चार महिने सहज पुरतो, पण आधी अर्धा किलो सुटा आणून शिजवून बघा आणि मगच त्याच पोत्यातला कट्टा बांधायला सांगा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. नाही म्हणाला तर दुकान बदला, इतवारीत दुकानांची कमी नाही.

घरी आणल्यावर होणारी एक चूक खास नागपूरची. सोंडे (सोंडकिडे) होऊ नयेत म्हणून मे महिन्यात गच्चीवर चादर पसरून तांदूळ वाळवणं. ४५ अंशांच्या उन्हात पॉलिश केलेल्या दाण्याला आडव्या बारीक चिरा जातात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण पाण्यात पडला की दाणा तिथेच तुटतो. चांगल्या भावाचा जुना एचएमटी एका दुपारीत कणकीच्या म्हणजे तुकड्याच्या तांदळाच्या लायकीचा होतो. सावलीत, पंख्याखाली पसरा, कडुनिंबाचा पूर्ण वाळलेला पाला घाला आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

आता शिजवणं. इथे ‘दुप्पट पाणी’ या नियमाची सगळ्यात जास्त तक्रार आहे. एक वाटीला दोन वाट्या, म्हणून चार वाट्यांना आठ वाट्या टाकतात आणि लगदा होतो. कारण पाणी दोन ठिकाणी जातं. एक, तांदूळ पितो. दोन, वाफ होऊन उडतं. पहिलं तांदळाबरोबर वाढतं. दुसरं मात्र भांडं, आच आणि वेळेवर ठरतं, तांदूळ दुप्पट केला म्हणून वाफ दुप्पट होत नाही. भिजवून निथळलेल्या जुन्या एचएमटीसाठी मध्यम रुंदीच्या गंजात हिशेब असा बसतो: तांदळाच्या दर वाटीला सव्वा वाटी पाणी, आणि वाफेचं म्हणून वरून एकच वाटी. म्हणजे एक वाटीला सव्वादोन, दोन वाट्यांना साडेतीन, चार वाट्यांना सहा. वाटी १५० मिलीची, त्यात तांदूळ साधारण १२५ ग्रॅम मावतो. जय श्रीरामला एकूण पाण्यातून पाव वाटी कमी करा. नवा तांदूळ असेल तर अर्धी वाटी कमी, तरी पूर्ण मोकळा होईल याची खात्री नाही.

दोन वाट्यांचा भात, तिघा-चौघांसाठी. तांदूळ तीनदा धुवा. हलक्या हाताने, चोळायचं नाही. तिसरं पाणी थोडं गढूळ राहिलं तरी चालतं. धुण्याने जाते ती पॉलिशची भुकटी. शिजताना आतून जो स्टार्च सुटतो तो सात वेळा धुवूनही जात नाही, त्यामुळे काचेसारखं पाणी होईपर्यंत धूत बसण्यात नुसतं पाणी वाया. मग वीस मिनिटं भिजवा. उन्हाळ्यात दुपारी टाकीतलं पाणीच चांगलं कोमट असतं, त्यात दहा-बारा मिनिटं पुरे. गरम पाणी दाण्यात लवकर शिरतं. दाणा पांढराफटक झाला आणि नखाने दाबल्यावर तुटला की भिजला. त्याचा चुरा होत असेल तर जास्त भिजला, आता पाणी अजून पाव वाटी कमी करा. चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. हे निथळणं टाळलं की मापाचा सगळा हिशेब कोलमडतो, कारण तांदळाच्या मधे अडकलेलं पाणीच पाव वाटीच्या घरात जातं.

जाड बुडाच्या गंजात साडेतीन वाट्या पाण्याचं आंधण ठेवा. त्यात पाऊण चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा तेल किंवा तूप. तेलाने भात मोकळा होतो असं म्हणतात ते अर्धंच खरं. त्याचं मुख्य काम फेस दाबून ऊत जाऊ न देणं. बोअरचं पाणी असेल तर लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब टाका. बोअरचं पाणी बहुधा क्षारयुक्त असतं, त्याने भात पिवळसर दिसतो. आंबटाने तो पांढरा राहतो, आणि इतक्या थेंबांना चव येत नाही.

पाणी खळखळलं की तांदूळ सोडा, सराट्याने (उलथन्याने) एकदाच तळापासून हलवा, आणि मग सराटा बाजूला ठेवून द्या. पुन्हा हलवलं की दाण्यांची टोकं झिजतात आणि त्यांचा लेप सगळ्यांवर बसतो. झाकण न ठेवता मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं. पाणी तांदळाच्या पातळीखाली जातं आणि वर वाफेची छोटी छोटी भोकं दिसायला लागतात. ही भोकं हीच खूण, घड्याळाकडे बघायचं कारण नाही. इथे घट्ट झाकण, आच एकदम मंद, आठ मिनिटं. गंज पातळ असेल तर खाली तवा सरकवा, नाहीतर बुडाला लागेल आणि खरपुडीचा वास वरपर्यंत चढेल. मग गॅस बंद आणि दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही.

ही शेवटची दहा मिनिटं लोक टाळतात, आणि तिथेच हातचा भात जातो. गॅस बंद करताना तळाची शितं ओली आणि वरची जरा कोरडी असतात, आणि सगळीच इतकी मऊ असतात की सराटा लागला की मोडतात. थांबल्यावर ओल सगळीकडे सारखी पसरते आणि शिताची बाहेरची बाजू घट्ट होते. झाकणाच्या आतून पाणी टपकत असेल तर झाकणाखाली कोरडा सुती पंचा ताणून ठेवा, कडा वर दुमडून, ज्वालेपासून दूर. नंतर सराटा कडेने खाली घालून भात उचलून उलटा. दाबू नका, ढवळू नका. आधी एक शीत दोन बोटांत दाबून बघा. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण पुरी खरी ठरते ती गंज व्यवस्थित मुरल्यावरच. त्याआधी वरचं एक शीत आणि तळाचं एक शीत, दोन्ही बघा.

कुकरमध्ये मोकळा भात होतो, पण वरणाच्या डब्यावर भाताचा डबा ठेवून होणं कठीण. तुरीच्या डाळीला चार-पाच शिट्ट्या लागतात, भिजवलेल्या तांदळाला दोन पुरतात. दोघांना एकाच वेळी बसवलं की डाळ जिंकते. यावर तोडगा म्हणजे डाळ आधी अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा, मग तीन शिट्ट्यांत दोन्ही होतात. भाताच्या डब्यात वाटीला दीड वाटी पाणी, आणि डब्यावर ताटली झाकलीच पाहिजे, नाहीतर कुकरच्या झाकणावरून टपकणारं पाणी वरच्या थराचा लगदा करतं. ताटली नसेल तर सव्वा वाटीच पाणी घाला. शिट्टी उचलून वाफ सोडू नका. आत तापमान १२० अंशांच्या जवळ असतं, दाब एकदम उतरला की शितातलं पाणी जागीच उकळून ते फाटतं. आपोआप पडू द्या.

विजेचा राइस कुकर एकट्या-दुकट्याला, होस्टेलवर किंवा भाड्याच्या खोलीत चांगला सौदा. पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या पुढे जात नाही. पाणी आटलं की तापमान चढतं, तळाखालच्या चुंबकाची पकड सुटते आणि बटन ‘वार्म’वर पडतं. सोबतचा कप १८० मिलीचा असतो, घरच्या वाटीचा नव्हे, हे विसरून माप बिघडतं. भिजवलेल्या दोन कपांना तीन कप पाणी. बटन पडल्यावर दहा मिनिटं थांबा, पण तासभर ‘वार्म’वर ठेवू नका, तळाचा थर पापडासारखा होतो.

वेळून, म्हणजे जास्तीचं पाणी गाळून, केलेला भात आता कमी घरांत होतो, तरी नवा तांदूळ गळ्यात पडला असेल तर तोच एक खात्रीचा उपाय. पंधरा-वीस माणसांचा वडाभात असेल तरीही. तांदळाच्या सहापट उकळतं पाणी, झाकण नाही, नऊ ते अकरा मिनिटं. शीत दाबल्यावर मध्ये टाचणीच्या टोकाएवढी कणी लागली की लगेच चाळणीत वेळा, परत गंजात घालून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ द्या. सुटलेला चिकट द्रव पेजेबरोबर निघून जातो. जीवनसत्त्वंही काही जातात, म्हणून पेज फेकू नका. मीठ, तूप आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की जेवणाआधी पिण्यासारखी होते.

काही बिघडलंच तर: कणी राहिली आणि पाणी संपलं, तर दोन मोठे चमचे उकळतं पाणी कडेने शिंपडा आणि मंद आचेवर पाच मिनिटं झाका. थंड पाणी टाकलं तर बाहेरचं शीत आकसतं आणि कणी तशीच. भात ओला झाला तर ढवळू नका, परातीत पातळ पसरून पंख्याखाली सात-आठ मिनिटं. खाली लागला असेल तर गंज हलवू नका, वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि खरवडायचा मोह आवरा. मीठ विसरलं असेल तर वरून टाकू नका, रस्सा जरा चढा करा.

उरलेल्या भाताबद्दल उन्हाळ्यात कडक राहायला हवं. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास गरम हवेत पडला की ते वाढून विष तयार करतात, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. मे महिन्यात ओट्यावर झाकून ठेवलेला दुपारचा भात रात्री फोडणीला घालू नये. जेवण झाल्यावर तासाभरात पसरट डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी जुन्या एचएमटीचा हा थंड भात हाताने मोकळा करून भिवापुरी मिरचीच्या फोडणीवर घाला. चिन्नोरची याच वेळी एक अखंड वडी निघते.